पुंजाजी टेलरची आठ वर्षं

नागपूरा निघाली मी, पाच महिने भरले गं,
पोटातल्या लेकरानं आतून हात जोडले गं.

जात्याच्या घरघरीतून वर येणारा मायचा हा आवाज पुंजाजीच्या कानात अजून तसाच होता, जाडसर आणि ताज्या पिठासारखा कोमट. पहाटे तो तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायचा, जातं फिरलं की मांडी हलायची आणि मांडी हलली की झोप यायची. ओवी संपली की माय पिठाचं बोट त्याच्या नाकाला लावून म्हणायची, "थे लेकरू म्हंजे तूच रे बाप्पा."

छप्पन सालच्या दसऱ्याला माय बडनेऱ्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं नागपूरला गेली होती. धम्मदीक्षेच्या त्या अथांग गर्दीत ती पांढरं लुगडं नेसून उभी राहिली, आणि पुंजाजी तिच्या पोटात होता. पुढच्या फेब्रुवारीत तो बाहेर आला. म्हणजे आज त्याचं वय अडुसष्ट.

आधार कार्डावर मात्र शहात्तर.

ही वरची आठ वर्षं पुंजाजीनं चोरली नव्हती. लोकांनी आणून दिली, त्यानं फक्त नको म्हटलं नाही. झालं असं, की दर्यापूरपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात दर चौदा ऑक्टोबरला विहारासमोर कार्यक्रम व्हायचा आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची खुशालरावांची असायची. गावात नागपूरचा तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला तेवढा एकच माणूस उरला होता. वीसेक वर्षांपूर्वी खुशालराव गेले आणि खुर्ची रिकामी राहिली. कोणीतरी हळहळून म्हणालं, "आता गावात असं कोनीच नाही, जे त्या दिवशी तिथं होतं." पुंजाजीला मायची ओवी आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "मी होतो ना."

हे खरंच होतं.

"बापाच्या खांद्यावर असान तुमी," कोणीतरी म्हणालं.

इथं पुंजाजीनं तोंड उघडायला हवं होतं. पण तेवढ्यात कोणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. हार घातलेला माणूस 'मी पोटात होतो' कसं म्हणणार? पुढच्या वर्षी त्याच खांद्यावरून त्यानं गर्दी पाहिली, त्याच्या पुढच्या वर्षी खांद्यावरून त्याला तहान लागली, आणि तिसऱ्या वर्षी एका अनोळखी बाईनं त्याला खांद्यावरच गूळ-शेंगदाणे दिले. मग आधारचा कॅम्प आला. कॅम्पवाल्यानं जन्मसाल विचारलं तेव्हा रांगेत मागं विहार समितीचा नागसेन उभा होता. पुंजाजीनं घसा साफ केला आणि म्हणाला, "एकोणपन्नास."

पुंजाजी टेलर होता. दर्यापूरच्या बसस्टँडजवळ त्याचं दुकान. माणूस दारातून आत आला की टेप न लावता तो छाती-कंबर सांगायचा, आणि त्याचं माप कधी चुकलं नाही. फक्त स्वतःच्या वयाचं तेवढं अंगाला सैल झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याची उजवी मांडी दुखायला लागली. त्यानं दोष मशीनला दिला. पायडल जड झालं म्हणून त्यानं मशीनला तीनदा तेल घातलं, पट्टा बदलला, शेवटी नवीन मशीन आणली. नवीन मशीनवर जास्तच दुखायला लागलं. केशरबाई म्हणाली, "अवो, मशीनले तेल पाजून राह्यले, पायाले तर दाखवा डाक्टरले." तिचं माहेर अकोल्याचं, भाचा तिथंच एका तपासणी केंद्रात कामाला, म्हणून एमआरआय अकोल्याला झाला. हाडाचा तुकडा काढून तपासला गेला. आणि मग दोघं अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर दामिनीबाईंसमोर येऊन बसली. येताना बसमध्ये केशरबाईचं तिकीट बाई म्हणून अर्धं होतं आणि पुंजाजीचं पंच्याहत्तरीच्या वर म्हणून लागलंच नाही. कंडक्टर दर खेपेला आधारकडे पाहायचा, मग पुंजाजीच्या तोंडाकडे पाहायचा आणि म्हणायचा, "बाबाजी, खाता तरी काय तुमी?"

डॉक्टर दामिनीबाई पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि त्यांची बोलण्याची पद्धत अशी की वाईट बातमीसुद्धा पाण्याच्या ग्लासासारखी समोर ठेवायच्या. घाई नाही, पण लपवाछपवीही नाही.

"आजोबा, मांडीच्या हाडाचा कॅन्सर आहे. हाडातच सुरू झालेला. छाती स्वच्छ आहे, म्हणजे तो दुसरीकडे गेलेला नाही. ही चांगली गोष्ट."

"आन वाईट गोष्ट?" केशरबाईनं विचारलं.

"हा आजार जास्त करून पोराटोरांना होतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना आम्ही दोन औषधं पूर्ण ताकदीनं देतो, मग खराब हाड काढून धातूचं बसवतो, मग पुन्हा औषध. आजार पसरलेला नसला तर दहातली सहा-सात मुलं बरी होतात. वय वाढत जातं तसा हा आकडा खाली येतो. साठीच्या पुढं बराच खाली."

"काहून पण?" पुंजाजी म्हणाला. "हाड तर हाडच हाय ना."

"थोडं आजारामुळं. म्हाताऱ्या हाडातला आजार कधीकधी जास्त हट्टी असतो. पण थोडं आमच्यामुळंही. वय झालेल्या शरीराला पूर्ण औषध झेपत नाही, म्हणून आम्ही कमी देतो. कमी दिलं की आजार कमी मरतो." त्यांनी कागद पुढं ओढला. "आता तुमचं बघा. यातलं एक औषध किडनीवर येतं. म्हणून किडनीचा एक आकडा काढायचा. एकशे चाळीसातून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं, रक्ताच्या रिपोर्टनं भागायचं. साठच्या वर आला तर दोन्ही औषधं पूर्ण. तुमचा येतो चोपन्न."

पुंजाजीचे कान टवकारले. "वय वजा करा लागते?"

"हो."

"म्हंजे वय कमी असलं, तं आकडा वाढते?"

"बरोबर. पण वय तर जे आहे ते आहे. शहात्तरीच्या माणसाला त्या वाटेला मी नेणार नाही. आपण हलकं औषध देऊ. सोमवारी सुरू करू."

ज्या माणसानं चाळीस वर्षं कापडातून बाह्या वजा केल्या, त्याला एवढी वजाबाकी डोळे मिटून जमत होती. एकशे चाळीसातून अडुसष्ट गेले, बहात्तर. पुढचं त्यानं टेबलाखाली बोटांवर केलं. एकसष्ट! साठच्या वर एक बोट. खरं वय सांगितलं की पूर्ण औषध, नाही सांगितलं की हलकं. आणि खरं वय सांगितलं की दर्यापूर तालुक्यात खुर्ची, हार, खांदा, तहान, गूळ-शेंगदाणे, सगळं उसवून हातात येणार.

त्यानं मधला रस्ता काढला.

"मॅडम, सत्तर धरा ना."

"काय सत्तर धरू?"

"वय. आमच्या घरान्यात मानूस उशिरा म्हातारं होते. शहात्तरचं सत्तर धरा."

"आजोबा, ही भाजी आहे का?"

"बरं, राह्यलं. एकोणसत्तर. तुमचं नाही, माहं नाही."

"तुम्ही उलट्या बाजूला घासाघीस करून राहिले!" दामिनीबाईंना हसू आलं. "सत्तरला नाही म्हटलं तर आणखी कमी?"

केशरबाईनं पिशवीतली फाईल काढली, परत ठेवली, पिशवीचे बंद आवळले आणि खिडकीबाहेर पाहत बसली. पण तिच्या ओठांचा कोपरा हलत होता, जशी एखादी ओळ तोंडात घोळत असावी.

सोमवारी पुंजाजी मिशा काळ्या करून आला.

नुसत्या मिशा नाही, भुवयासुद्धा. रंग दर्यापुरातून आणला, आरशासमोर लावला, आणि त्यात डाव्या भुवईनं जरा जास्तच रंग घेतला. त्यामुळं तो डावीकडून रागावलेला आणि उजवीकडून भोळा दिसत होता. केशरबाई बसमध्ये मुद्दाम त्याच्या उजवीकडे बसली.

औषध चढवायच्या हॉलबाहेर बाकावर एक मुलगी बसली होती. स्वराली, बावीस वर्षांची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. डोक्यावर केस नव्हते, त्याजागी पिवळाधमक रुमाल होता. नडगीच्या हाडाला हाच आजार, औषधाच्या दोन फेऱ्या झालेल्या. शेजारी तिचे आजोबा मोरोपंत, निवृत्त वकील, हातात काठी, तोंडात कवळी आणि मांडीवर नातीचा डबा.

"काका, तुमची भुवई वाहून राहिली," स्वराली म्हणाली.

पुंजाजीनं रुमाल लावला. भुवई रुमालावर आली.

"राहू द्या," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी तशीही जाणारच आहे. माझ्या गेल्या. मी आता काजळानं काढते. रोज वेगळ्या. आज आश्चर्यवाल्या आहेत."

खरंच तिच्या भुवया आश्चर्यवाल्या होत्या. पुंजाजी हसला. त्या हॉलबाहेर हसणारा माणूस सापडला की बाकीचे आपोआप सरकून जागा करतात, तसे मोरोपंत सरकले.

"आपलं जन्मसाल?" त्यांनी विचारलं. वकिलाला माणसाची ओळख साल-तारखेनंच होते.

पुंजाजीनं इकडंतिकडं पाहिलं. केशरबाई ऐकत होती. "एकोणपन्नास."

"अरे वा! मीही एकोणपन्नास!" मोरोपंतांना हरवलेला भाऊ सापडल्यासारखं झालं. "म्हणजे आपण एका वर्गाचे. सांगा बरं, तुम्ही पहिलीत होतात तेव्हा आपलं राज्य कोणतं होतं?"

पुंजाजीला वाटलं, हा काय प्रश्न झाला. "महाराष्ट्र!"

मोरोपंतांनी कवळी जिभेनं जागेवर बसवली. "पंचावन्न साली पहिलीत असलेला वऱ्हाडातला मुलगा मध्य प्रदेशात शाळेत जायचा. छप्पनच्या नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात गेलो. महाराष्ट्र झाला साठ साली. एकोणपन्नासवाल्याला हे विसरणं शक्य नाही, कारण आम्हाला दोन वर्षांत दोन राज्यांची नावं पाठ करायला लागली आणि दोन्हींसाठी छड्या खाव्या लागल्या."

"माह्या शाळेत..." पुंजाजी अडखळला, "माह्या शाळेत बातमी उशिरा आली."

"आधी आली, असं म्हणा," मोरोपंत म्हणाले. "तुमच्या शाळेत महाराष्ट्र पाच वर्षं आधी आला."

स्वराली रुमालात तोंड खुपसून हसत होती. मोरोपंतांनी पुंजाजीच्या गुडघ्यावर थाप दिली, दुखऱ्या नाही, दुसऱ्या. "घाबरू नका. मी चाळीस वर्षं लोकांची गुपितं पोटात ठेवून जेवलो आहे."

पुंजाजीला 'पोटात' हा शब्द नेमका त्याच वेळी नको होता.

एवढ्यात फोन वाजला. नागसेन. त्याचा आवाज फोनशिवायही अमरावतीला ऐकू आला असता.

"दादा, तब्येत कशी हाय? बरं, फ्लेक्सचं काम चालू हाय. तुमचा फोटो मधोमध. खाली टाकून राह्यलो, 'शहात्तर वर्षांचे जिवंत साक्षीदार'. चालते ना? आन औंदा तुमाले वह्यायनं तोलायचं ठरलं. तुमच्या वजनाइतक्या वह्या शाळेतल्या पोरायले. फक्त वजन कमी करू नका दादा, वह्या मोजून आनल्या, अठ्ठावन्न किलो."

पुंजाजीनं फोन खिशात टाकला. तो खिशात जड वाटला.

"कसले साक्षीदार हो?" स्वरालीनं विचारलं.

केशरबाईनंच सांगितलं, खांद्यापासून शेंगदाण्यापर्यंत. ती सांगत होती तेव्हा पुंजाजी जमिनीकडे पाहत होता. इतक्या वर्षांत ती गोष्ट त्यानंच सांगितली होती, कानांनी ऐकली पहिल्यांदाच. ऐकायला फार लांबलचक वाटली.

"भारी," स्वराली म्हणाली. मग जरा वेळानं, डब्याचं झाकण बोटानं फिरवत, "मला पण शहात्तर व्हायचंय."

मोरोपंतांनी डबा दोन्ही हातांनी धरला.

"खरंच. डॉक्टर म्हणतात, तरुण आहेस, तुझे आकडे चांगले आहेत. चांगले म्हणजे दहातले सहा-सात. मी वर्गात कधी सत्तर टक्क्यांवर खूश झाले नाही हो, आता रात्रंदिवस त्याच टक्क्यांना हात जोडते. पूर्ण औषध घेते, पूर्ण उलट्या करते. मला म्हातारं व्हायचंय. कवळी लावायचीय. आबांसारखं बाकावर बसून लोकांना साल विचारायचंय. तुम्हाला ते मिळालं, काका. शहात्तर! एकेक वर्ष जगून मिळवलंत."

पुंजाजीनं दुसरी भुवईही पुसली.

हॉलचं दार उघडलं. दामिनीबाई स्वतः बाहेर आल्या, हातात त्याची फाईल. "चला पुंजाजी आजोबा. हलक्या औषधाची बाटली तयार आहे. इथं सही."

त्यानं पेन घेतलं. सहीच्या ओळीच्या वर छापलं होतं, वय ७६. त्यानं त्या दोन आकड्यांकडे असं पाहिलं, जसं दुसऱ्या कोणाचा सदरा आपल्या खुंटीला दिसावा.

"मॅडम," तो म्हणाला, "मले हलकं नको."

"पुन्हा घासाघीस?"

"नाही. आता एकच भाव सांगतो. अडुसष्ट."

"आजोबा..."

"माहं वय अडुसष्ट हाय. मी सत्तावन्नच्या फेब्रुवारीतला. मी खांद्यावर नव्हतो. मले तहान नाही लागली, मी शेंगदाने नाही खाल्ले. मी मायच्या पोटात होतो." तो पेनाचं टोपण लावत, काढत बोलत होता. "लोकायनं इचारलं, तिथं होते का, मी म्हनलो होतो. मंग खांदा त्यायनंच आनला, मी त्याच्यावर चढून बसलो. वीस वर्सं झाले, उतरता येऊन नाही राह्यलं."

स्वरालीच्या भुवया आधीच आश्चर्यवाल्या होत्या, त्यांना जास्त काही करता आलं नाही.

दामिनीबाईंनी फाईल मिटली. "औषधाचा डोस हा गमतीचा विषय नाही, आजोबा. जास्त औषध पाहिजे म्हणून वय कमी सांगणारे असू शकतात. तुमच्या आधारवर शहात्तर आहे. शाळेचा दाखला?"

"शाळा जळाली. दाखला बी."

"मग पुरावा काय?"

पुंजाजीनं मोरोपंतांकडे पाहिलं. मोरोपंत उठायच्या तयारीत होते, राज्य पुनर्रचनेची साक्ष द्यायला. पण त्यांच्या आधी केशरबाईनं पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि दवाखान्याच्या त्या पांढऱ्या व्हरांड्यात, नाकातून, जात्यावर म्हणतात तशी खालच्या सुरात म्हणाली:

नागपूरा निघाली मी, पाच महिने भरले गं,
पोटातल्या लेकरानं आतून हात जोडले गं.

आवाज केशरबाईचा होता, पण हेल मायचा होता, तसाच, 'गं'वर जरा टेकलेला.

"सासूबाईची ओवी हाय," केशरबाई डॉक्टरांना म्हणाली. "दसऱ्याले पाच महिने भरले होते. आता तुमीच मोजा."

दामिनीबाईंनी खरंच बोटं मोजली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. खिशातून मोबाईल काढून आकडे टाकले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "एकसष्ट." मग वर पाहून, "तरीच. तुमचा हार्टचा इतका चांगला रिपोर्ट पाहून मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणाचा तर नाही आला. ऐका, नुसत्या ओवीवर मी औषध देणार नाही. किडनीचं एक थेट स्कॅन असतं, त्यात वय लागत नाही. उद्या अकोल्याला जाऊन करा. तिथंही साठच्या वर आलं तर दोन्ही औषधं पूर्ण. बरं होण्याची खात्री नाही देणार, पण संधी पूर्ण देईन. आणि आधारचं तुमचं तुम्ही निस्तरा."

"बसचं बी," केशरबाई म्हणाली. "जाताना तिकीट काढा गुमान."

"केशर," पुंजाजीनं विचारलं, "तुले थे ओवी कशी माहीत?"

"अवो, जातं एकटीनं वढते का कोनी? खुंट्याच्या एका बाजूनं सासूबाई, दुसऱ्या बाजूनं मी. दहा वर्सं. रोज पहाटे तुमचा जल्म माह्या कानावर पडे. तुमी घोरत राहा आतल्या खोलीत."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी खुर्चीत लय छान दिसत होते," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून चालायला लागली.

पुंजाजीनं व्हरांड्यातूनच नागसेनला फोन लावला. खरं काय ते एका दमात सांगून टाकलं.

"पोटात?" नागसेन म्हणाला.

"पोटात."

"पन दादा, फ्लेक्स छापलं ना!"

"त्याच्यावर कागद चिकटव. शहात्तर खोड, अडुसष्ट टाक. नाहीतं माहा फोटोच काढ."

"आन गूळ-शेंगदाने? पोरायले दरवर्सी तुमच्या नावानं गूळ-शेंगदाने वाटतो आपन."

"थे राहू दे," पुंजाजी म्हणाला. "पोरायनं काय केलं?"

नागसेन फुगलेल्या आवाजात म्हणाला, समितीपुढं ठेवावं लागेल. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "खुर्चीचं पाहू. पन वह्या तर आनल्या हायत. वजन कमी करू नका."

अकोल्याचा आकडा त्रेसष्ट आला. भाच्यानं तो कागद पुंजाजीच्या हातात असा दिला, जसा बारावीचा निकाल. बुधवारी पुंजाजी हॉलमधल्या खुर्चीत बसला, दोन बाटल्या वर टांगलेल्या, शेजारच्या खुर्चीत तिसऱ्या फेरीला आलेली स्वराली. आज तिच्या भुवया वकिलाच्या होत्या, सरळ आणि कडक. तिनं पुंजाजीच्याही एका पांढऱ्या भुवईवर तशीच काढून दिली, दुसरीला त्यानं नको म्हटलं.

"काका, एक सांगू?" ती म्हणाली. "खांद्यावर तर हजारो पोरं असतील. आतून हात जोडणारं मला एकच माहीत आहे."

पुंजाजी लाजला. टेलरला लाजताना हातात काहीतरी लागतं, म्हणून तो स्वतःच्या शर्टचं बटण पीळत बसला. नर्स सुई घेऊन आली तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं हात मागं घेतला.

"जरा थांबा. पानी पितो. मंग करा. पाच मिनिटं. केशर, तू जाय, चहा घेऊन ये. मी मोठा हाव तुह्यापेक्षा, मोठ्याचं आयकावं मानसानं."

हे वाक्य केशरबाई सत्तेचाळीस वर्षं ऐकत होती. कोणत्या साडीला कोणता काठ, पोरीचं लग्न कुठं, भाजीत मीठ किती, सगळीकडं हेच वाक्य येऊन बसायचं. लग्नात तिचं वय एकोणीस सांगितलं होतं, पुंजाजीचं एकवीस. ती चहाला गेली नाही. तिनं त्याचा मागं घेतलेला हात धरला, खुर्चीच्या हातावर ठेवला, आणि त्याचा तळवा उघडून त्यावर आपला तळवा दाबला.

"सासूबाईची दुसरी बी ओवी होती," ती म्हणाली.

"कोनती? मी नाही आयकली."

"तुमी जागे असले, का त्या थे नव्हत्या म्हनत. मले शपथ घातली होती. आता तुमीच खांद्यावरून उतरले, तं मी बी एकटी कितीक दिवस वर बसू?"

नर्स सुई धरून थांबली. स्वराली कोपरावर उठून बसली. केशरबाईनं घसा साफ केला, डोळे मिटले, आणि जणू समोर जातं आहे अशी हलकेच डोलत म्हणाली:

सून आनली अकोल्याची, दोन वर्सं मोठी गं,
लेकाले या सांगू नको, शपथ तुह्या ओठी गं.

पुंजाजीचा हात तिच्या हाताखाली सुन्न पडून होता. तो तोंड उघडून तिच्याकडे पाहत राहिला, एका भुवईनं.

"म्हंजे?" तो म्हणाला.

"म्हंजे मी सत्तर हाव," केशरबाई म्हणाली. "गुमान सुई लावून घ्या."